पाणी सांभाळणारी बाग

पुण्याच्या सारसबागेतील गणपतीला आजही 'तळ्यातला गणपती' म्हणतात. अठराव्या शतकात पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधवले आणि त्यातील बेटावर हे देवस्थान उभे राहिले. विसाव्या शतकात तळे गेले व तेथे बाग झाली. बाग सुंदर आहे; असंख्य माणसे तेथे विसावतात. परंतु नावातले ते विस्तीर्ण तळे जमिनीवर उरले नाही. बाग हवी असेल तर पाणी हटवले पाहिजे, अशी समजूत शहरांनी दीर्घकाळ जोपासली. ती बदलण्याची वेळ आता आली आहे.

शहरी वसाहतींचे एक दुखणे सर्वांच्या परिचयाचे आहे. जुलै महिन्यात ज्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते, त्याच रस्त्यावर एप्रिलमध्ये पाण्याचा टँकर उभा असतो. मोकळी माती पावसाचा बराच भाग शोषून घेते. डांबर, काँक्रीट आणि फरशी मात्र तो गटाराकडे ढकलतात. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा प्रलय एखादी बाग थोपवू शकत नाही, हे उघड आहे. दरवर्षीच्या जोरदार सरींचा हिशेब मात्र वेगळा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. या हिशेबाने एक एकराच्या बागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे दोन लाख लिटर पाणी जमा होते. दहा हजार लिटरचे वीस टँकर भरतील एवढे हे पाणी असते. मात्र वसाहतींतील अनेक बागा भर घालून रस्त्यापेक्षा उंच केलेल्या असतात. त्यामुळे बागेवर पडलेले पाणीही रस्त्यावर येते.

बाग आणि पाणी एकत्र नांदू शकतात, हे थायलंडच्या राजधानीने दाखवून दिले आहे. बँकॉक हे सखल भूमीवरील, पुराने वारंवार गांजलेले शहर. तेथील चुलालोंगकोर्न विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त २०१७ साली सुमारे अकरा एकरांचे उद्यान खुले झाले. कोचकोर्न वोराकोम या स्थापत्यकार स्त्रीने त्याची आखणी केली. हे उद्यान सपाट नाही. ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलकेच उतरत जाते. उंच टोकाच्या इमारतीच्या छपरावर हिरवळ आहे व तिच्याखाली पाण्याच्या टाक्या आहेत. उरलेले पाणी दोन्ही बाजूंच्या पाणथळ पट्ट्यांतून, वनस्पतींमुळे स्वच्छ होत, खालच्या तळ्यात पोहोचते. पाऊस वाढला की तळ्यालगतचे हिरवळीचे मैदानही पाण्याला जागा देते. असे सुमारे ३८ लाख लिटर पाणी तेथे सामावते. तळ्याकाठी जागच्या जागी चालवायच्या सायकली आहेत. त्या चालवणाऱ्याचा व्यायाम होतो आणि पाणी ढवळले जाऊन त्यात प्राणवायू मिसळतो.

आपल्याकडील लहान बागेत एवढा थाट नको. तत्त्व तेवढे घ्यावे. बागेची मधली जागा रस्त्यापेक्षा खोलगट असावी. रस्त्यावरील पाणी आत घेण्यापूर्वी गाळ व तेल अडवणारा हौद असावा. पुढे कर्दळ, वाळा यांसारख्या वनस्पतींचा पट्टा असावा. काठावर अर्जुन, जांभूळ, करंज अशी इथली झाडे लावली, तर पक्ष्यांना व कीटकांना आसरा मिळेल. खोलगट मैदान वर्षातील बहुतेक दिवस मुलांच्या खेळासाठी मोकळेच राहील. मात्र काळ्या चिकण मातीत पाणी सावकाश मुरते. तेथे शोषखड्डे किंवा साठवणटाकी यांवाचून भागणार नाही. एकच नकाशा सर्व गावांना लागू करणे हा शहाणपणा नव्हे.

या कल्पनेवर दोन आक्षेप हमखास घेतले जातात : साचलेल्या पाण्यात डास होतात आणि तळ्याकाठी मुले सुरक्षित नसतात. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. डासाच्या अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून मैदानातील पाणी दोन-तीन दिवसांत मुरेल किंवा टाकीत उतरेल, अशीच रचना हवी. कायमच्या तळ्यात डासांच्या अळ्या खाणारे स्थानिक मासे सोडता येतात. काठ उतरता व उथळ ठेवून भोवती कठडा घातला, तर धोका बराच कमी होतो.

खरी अडचण आराखड्यात नसून देखभालीत आहे. गाळाचा हौद पावसाळ्यापूर्वी उपसला नाही, तर उत्तम आराखड्याचेही डबके होते आणि लोक तेच डबके दाखवून ती बाग बुजवण्याची मागणी करतात. म्हणून बांधकामाच्या खर्चाबरोबरच दरवर्षीच्या देखभालीची तरतूद व्हावी आणि तिच्यावर परिसरातील रहिवाशांची नजर असावी. नव्या बागेचा आराखडा समोर आला म्हणजे कारंजे कोठे बसवायचे, हे विचारण्यापूर्वी पावसाचे पाणी कोठून येणार, कोठे थांबणार आणि कोठे मुरणार, हे विचारले गेले पाहिजे. तो प्रश्न विचारणे हा नागरिकांचा हक्क आहे आणि त्यांचे कर्तव्यही.