मामू, अम्मीला सांगा ना, अभ्यासासाठी आहे

2023 च्या उन्हाळी सुट्टीतली गोष्ट. भाच्याची बारावीची परीक्षा झाली होती आणि बहिणीला 32 हजारांची भिशी लागली होती. भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामू, मला कम्प्युटर हवाय. तुम्ही अम्मीला सांगा ना, अभ्यासासाठी आहे म्हणून."

त्याला 'व्हॅलोरंट' आणि 'जीटीए फाइव्ह' खेळायचं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी काही बोललो नाही आणि त्याच्यासोबत दुकानात गेलो. त्याने मशीन आधीच पसंत करून ठेवलं होतं. काचेची कॅबिनेट, आत रंगीत दिव्यांचे पंखे आणि वर चिठ्ठी: 'आय सेव्हन, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स कार्ड, फक्त 28,000.'

मी विचारलं, "आय सेव्हन कितव्या जनरेशनचा?"

"सर, आय सेव्हन म्हणजे सगळ्यात वरचा."

चालू करून पाहिलं तर तो 2600 निघाला, म्हणजे दुसरी जनरेशन, 2011 सालची. ग्राफिक्स कार्ड जीटी 730, 2014 सालचं. त्यावरचे 4 जीबी ही फक्त मेमरी. कार्डाची ताकद वेगळीच असते. दप्तर मोठं म्हणून मुलगा हुशार ठरत नाही, तसंच हे. शिवाय विंडोज 11 साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, आणि विंडोज 10 चा नियमित आधार तर 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपलाच.

त्या दिवशी घरी येऊन मी बहिणीला खरं सांगितलं. भाचा मान खाली घालून बसला होता. बहीण थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "खेळायलाच हवा असेल तर खेळायचाच घ्या. पण फसू नका."

मला वाटतं, आपल्या घरांमध्ये नेमकं हेच होत नाही. 'गेम' म्हटलं की आपण ओरडतो, म्हणून मुलं 'अभ्यास' म्हणतात. अभ्यासासाठी म्हटल्यावर बाप काही न विचारता पैसे देतो, आणि मुलगा दिवे बघून मशीन उचलतो. या लपवालपवीत फायदा फक्त दुकानदाराचा होतो. कोणता गेम खेळायचा, हे उघडपणे बोललं तरच मशीन नीट निवडता येतं. त्याच्या दोन गेमना महागडं कार्ड लागतच नव्हतं.

आम्ही रायझन 5 5600जी घेतला. त्याचे ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतात, म्हणून वेगळं कार्ड लागलं नाही. असे ग्राफिक्स साध्या रॅमवरच चालतात, त्यामुळे 16 जीबीची एक पट्टी न घेता 8 जीबीच्या दोन लावल्या. फरक खेळताना जाणवतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतली. पॉवर सप्लाय मात्र नावाजलेल्या कंपनीचा, '80 प्लस' प्रमाणपत्राचा घेतला. तिथे पाचशे रुपये वाचवायला गेलो आणि तो जळाला, तर सोबत बाकीचे भागही जाऊ शकतात. मॉनिटर जुना, कॅबिनेट साधी. बोर्डवर ग्राफिक्स कार्डाची जागा रिकामी आहे; पुढे स्वतः कमावून घे, असं त्याला सांगितलं.

याहूनही कमी पैसे असतील तर कंपन्यांमधून निघालेले जुने ऑफिस डेस्कटॉप बघा. प्रोसेसर आठव्या जनरेशनच्या आधीचा घेऊ नका. त्यात जीटीएक्स 1650 सारखं 75 वॉटचं कार्ड घालता येतं. वेगळी पॉवर वायर न लागणारं मॉडेल निवडा. कॅबिनेट बारीक असेल तर कार्डही बुटकं लागेल, आधी मापून घ्या. आणि चालू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

रंगीत दिवे नाहीत, याचं भाच्याला अजूनही थोडं वाईट वाटतं. पण आता त्याला लपवावं लागत नाही. त्याच मशीनवर तो कॉलेजची कामंही करतो. रात्री जेवायला हाक मारताना बहीण विचारते, "मॅच संपायला किती वेळ आहे?" आणि तोही खरं उत्तर देतो.