शेळीत एम्ब्रियो ट्रान्सफर: कर्ज काढण्याआधी वहीत बघा



गेल्या आठवड्यात उमेळ्यातल्या माझ्या दुकानावर एक तरुण आला. वडिलांच्या नावावर कर्ज काढून त्याला एम्ब्रियो ट्रान्सफरचा शेळी फार्म टाकायचा होता. म्हणाला, "सर, एकाच शेळीपासून वर्षाला कितीतरी करडं मिळतात!" मी विचारलं, "कोणत्या शेळीपासून?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे: हॉर्मोनने शेळी चांगली होत नाही. जी शेळी आहे तिची फक्त संख्या वाढते.

आधी तंत्र समजून घ्या. शेळी एका माजात साधारण एक ते तीन बीजं सोडते. ती जास्त मिळावीत म्हणून निवडलेल्या डोनर शेळीच्या योनीत प्रोजेस्टेरॉनचा स्पंज काही दिवस ठेवतात. शेवटच्या तीन-चार दिवसांत एफएसएच हॉर्मोनची इंजेक्शनं सकाळ-संध्याकाळ, डोस कमी करत देतात. मग चांगला बोकड लावतात आणि सहा-सात दिवसांनी भ्रूण धुऊन बाहेर काढतात. ज्या साध्या शेळ्यांत ते ठेवायचे, त्यांनाही हॉर्मोन देऊन त्याच वेळी माजावर आणावं लागतं. एखाद्या दिवसापेक्षा जास्त फरक पडला तर भ्रूण रुजणं अवघड.

आता जोखीम बघा. गायीचे भ्रूण ऑपरेशनशिवाय निघतात. शेळीत तेवढी जागा नसते, म्हणून बहुतेक वेळा पोट उघडावं लागतं किंवा दुर्बिणीने काम करावं लागतं. पुन्हा पुन्हा ऑपरेशन केलं की आतले अवयव चिकटू शकतात. वर, त्याच डोसला एक शेळी भरपूर भ्रूण देते आणि शेजारची एकही देत नाही. खर्च मात्र दोघींचा सारखाच!

मग हे तंत्र वाईट आहे का? अजिबात नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990 च्या दशकात बोअर जात भारतात आणली, ती गोठवलेल्या भ्रूणांच्या रूपात. पण पुढे ती शेतकऱ्यांपर्यंत पोचली ती बोकड आणि वीर्यातून, म्हणजे स्थानिक शेळ्यांशी संकर करून. आपल्यासारख्या छोट्या माणसाने धडा घ्यायचा तो इथे.

माझ्या मते पायऱ्या अशा:

1. वही. प्रत्येक शेळीला नंबर. कधी व्यायली, जुळी की एकच, करडाचं तीन महिन्यांचं वजन, किती मेली. दोन वेतांची नोंद नसेल तर तुमची 'टॉप' शेळी कोणती हे तुम्हालाच माहीत नाही.

2. बोकड. वीस शेळ्यांमागे एक बोकड धरला, तर प्रत्येक करडात अर्धं रक्त त्याचं. सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

3. माज जुळवणं. हॉर्मोनचा छोट्या धंद्याला खरा उपयोग इथे आहे. आपल्याकडे मुंबईचं बकरी ईदचं मार्केट जवळ. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण हवं आणि गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे ईदच्या किमान सतरा-अठरा महिने आधी शेळ्या भरल्या पाहिजेत. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, तोही हिशोब धरा. सगळ्या शेळ्या एकदम व्यायल्या की करडं एका वयाची मिळतात.

4. एम्ब्रियो. वरच्या तीन पायऱ्या जमल्या, ब्रीडिंगचे बोकड विकायला गिऱ्हाईक मिळालं, तरच.

एक सूचना गंभीरपणे घ्या. ही औषधं पशुवैद्यकाशिवाय वापरू नका. माज आणण्यासाठी वापरतात ते प्रोस्टाग्लँडिन कातडीतूनही अंगात जातं. गरोदर बाईने किंवा दम्याच्या माणसाने त्याला हात लावायचा नाही. घरच्या शेळ्या बहुतेक बायकाच सांभाळतात, म्हणून हे घरी नक्की सांगा.

त्या तरुणाला मी कर्जाचा फॉर्म बाजूला ठेवून शंभर पानी वही घ्यायला सांगितली. थोडा नाराज झाला, पण घेऊन गेला.

तुमच्या वहीत आज काय लिहिलंय? कमेंटमध्ये सांगा.