कोरडा घाट
लंडनला शिकणाऱ्या भाचीनं परवा एक फोटो पाठवला. बागेत उभी दगडी वेस, खाली पायऱ्या आणि पुढे पाण्याऐवजी हिरवळ. ‘मामा, इथे नावा लागायच्या म्हणे, मग नदी कुठे गेली?’ हा यॉर्क वॉटरगेट, १६२६ च्या सुमाराचा, म्हणजे थेम्सचा घाटच. नदी आता तिथून सुमारे १४० मीटर लांब आहे, आणि तिला मागे सारलं ते एका गटारानं! १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवावे लागले. मग अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी काठावर भराव घातला, त्याच्या पोटात मैलावाहिनी आणि भुयारी रेल्वे घेतली, वर रस्ता, झाडं, बागा. १८७० मध्ये हा व्हिक्टोरिया एम्बँकमेंट लोकांना खुला झाला. आता मैलापाण्यासाठी २५ किलोमीटरचा टाइडवे बोगदा झालाय, आणि त्याच्या काही खोल विहिरींवरही नदीत पुढे आलेले चौक केलेत. एकाला बॅझलजेट यांचंच नाव आहे. माझं मत पक्कं आहे: वर्षानुवर्षं धूळ आणि खोदकाम सोसलेल्या माणसाला शेवटी वर बसायला सावलीची जागा मिळाली नाही, तर गटाराचं काम अर्धवटच राहिलं. भाचीला लिहिलंय, डबा घेऊन जा आणि पायऱ्यांपासून पाण्यापर्यंत किती पावलं होतात ते मोजून कळव.