आठवड्यात निम्मे होणारे औषध

जामखेड किंवा अकोल्याच्या एखाद्या रुग्णाला पुण्या-मुंबईतले कर्करोगतज्ज्ञ ‘ल्युटेशियम थेरपी’ सुचवतात, तेव्हा घरच्यांना चिंता असते ती खर्चाची, प्रवासाची आणि मुक्कामाची. हे औषध येते कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. ते विचारायला हवे.

ल्युटेशियम हा रेअर अर्थ, म्हणजे दुर्मीळ मृदा गटातला सर्वांत जड आणि अत्यंत विरळ धातू. त्याचे किरणोत्सारी रूप, ल्युटेशियम-१७७, प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगावर आणि न्यूरोएंडोक्राइन गाठींवर वापरतात. कर्कपेशींना चिकटणाऱ्या रेणूला ते जोडून शिरेतून देतात. त्याचा मारा मिलिमीटर-दोन मिलिमीटरपर्यंतच पोहोचतो, त्यामुळे आसपासचा निरोगी भाग बराचसा वाचतो.

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. आपल्याकडे चर्चा झाली ती चुंबकांची आणि विजेवरच्या गाड्यांची. त्याच यादीत ल्युटेशियमही आहे, याकडे फारसे लक्ष गेले नाही. ‘आपणही खाणी काढू’ हे उत्तर इथे अपुरे आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट भरपूर आहे. पण त्यात सिरियम, लँथेनम, निओडिमियम असे हलके धातूच प्रामुख्याने मिळतात, जड धातू नाममात्र.

शिवाय औषधाला धातू लागतो तरी किती? एका मात्रेला साधारण मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाइतका. खरी अडचण आहे ती निवडण्याची. नैसर्गिक ल्युटेशियमच्या हजार अणूंमध्ये उपयोगाचे ल्युटेशियम-१७६ जेमतेम २६ असतात. ते वेगळे काढण्याचे तंत्र मोजक्याच देशांकडे आहे आणि त्यात रशियाचा वाटा मोठा राहिला आहे. असा निवडलेला माल तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत ठेवला की ल्युटेशियम-१७७ तयार होते. तिथून घड्याळ सुरू होते. सुमारे पावणेसात दिवसांत ते निम्मे उरते. दोन दिवस उशीर झाला, तर जवळपास पाचवा हिस्सा वाटेतच संपतो. हे औषध साठवून ठेवता येत नाही.

एकाच भट्टीवर विसंबण्याचा धोका जगाने अनुभवला आहे. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची भट्टी बंद पडली आणि अनेक देशांत स्कॅनसाठी लागणाऱ्या टेक्निशियमचा तुटवडा झाला. ती पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट २०१० उजाडला. कर्करोग तेवढा थांबत नाही.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. औषध टिकत नसले तरी त्याचा कच्चा माल, ल्युटेशियम-१७६, टिकतो. त्याचा काही ग्रॅमांचा राष्ट्रीय साठा अनेक वर्षे पुरेल आणि एका तिजोरीत मावेल. दुसरे, वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी सहभागातून स्वतंत्र अणुभट्टी उभारण्याची घोषणा केंद्राने मे २०२० मध्ये केली होती. तिचे वेळापत्रक लोकांसमोर मांडावे. तिसरे, अणुवैद्यक विभाग मोठ्या शहरांबाहेरही वाढवावेत. हे उपचार एकदाच घेऊन भागत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा मात्रा लागतात, आणि प्रत्येक वेळी रुग्णासोबत घरातल्या आणखी एकाचा रोजगार बुडतो.

पुरवठा साखळी हा शब्द व्यापारातला वाटतो. पण तिचे शेवटचे टोक जामखेडच्या त्या रुग्णाच्या शिरेत असते.