विश्लेषण : वेब कंपनी बंद पडली, तर दुकानाचा हिशेब कुणाकडे?

जीएसटीचे दर बदलले ते २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमके घटस्थापनेच्या दिवशी. तयार कपड्यांवर एक हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यापुढे १८ टक्के लागतो. गुलमंडीसारख्या कापडाच्या बाजारात सणाच्या गर्दीतच बिलिंगमधले दर बदलणे भाग होते. दुकानाचे बिलिंग किंवा वेबसाइट दोन-तीन जणांच्या कंपनीने बनवून दिलेली असेल, तर अशा वेळी खरी धाकधूक एकच असते : तो मुलगा फोन उचलेल का? लहान वेब कंपन्या निघतात, पुण्याला जातात, बंदही पडतात. त्यानंतर ग्राहकाच्या हाती काय उरते, हे समजून घ्यायला मुंबईच्या एका कंपनीची वाटचाल उपयोगी आहे.

ही कंपनी सुरू कशी झाली?

रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचर बनवण्याचा व्यवसाय. खरेदी, साठा, विक्री, हिशेब एकत्र सांभाळणारी ‘ईआरपी’ प्रणाली तिथे बसवण्याचा प्रयत्न झाला आणि फसला. मेहता स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकले. २००८ मध्ये त्यांनी ‘वेब नोट्स टेक्नॉलॉजीज’ ही लहानशी कंपनी काढली. तीच आजची ‘फ्रॅपे’. ब्राउझरमध्ये चालणारी ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली त्यांनी बनवली आणि तिचा संपूर्ण कोड मुक्तस्रोत म्हणून खुला केला. परवाना ‘जीपीएल’ : कुणीही वापरावा, बदलावा; मात्र बदललेली प्रणाली दुसऱ्याला दिली, तर तिचा कोडही त्याच अटींवर द्यावा. ती ज्या पायावर उभी आहे, ते ‘फ्रॅपे फ्रेमवर्क’ तर ‘एमआयटी’ या त्याहून सैल परवान्यावर मिळते.

कोड वाटून टाकला, मग कमाई कशातून?

प्रणाली फुकट, ती चालती ठेवण्याचे पैसे. सर्व्हरवर ती सांभाळणे आणि अडचण आली तर मदत करणे, ही कंपनीची मुख्य कमाई. दुकानात-कारखान्यात जाऊन प्रणाली बसवण्याचे काम बहुतांशी इतर लहान कंपन्या करतात. शेअर दलाली करणारी ‘झिरोधा’ स्वतः ही प्रणाली वापरत होती. २०२० मध्ये तिने फ्रॅपेत गुंतवणूकही केली.

या रचनेचा फायदा जीएसटीच्या बाबतीत दिसतो. ईआरपीनेक्स्टला जोडले जाणारे ‘इंडिया कम्प्लायन्स’ हे ॲप मुंबईच्या कंपनीने नव्हे, तर ‘रेझिलियंट टेक’ या वेगळ्या कंपनीने बनवले. कोड खुला असल्यानेच हे जमले. उद्या मूळ कंपनी थांबली तरी दुरुस्ती दुसरा कुणी करू शकतो. त्याला फी द्यावी लागेल, हे खरे. पण दार बंद होत नाही.

स्वदेशी असणे पुरेसे नाही का?

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने ‘नायरा एनर्जी’ची सेवा थांबवली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्र्यांनी ‘झोहो’ वापरायला सुरुवात केल्यावर स्वदेशी सॉफ्टवेअरची चर्चा रंगली. चर्चा रास्त आहे. पण गुलमंडीतल्या व्यापाऱ्याची अडचण ब्रसेल्समधून येत नाही, ती दोन गल्ल्या पलीकडच्या ऑफिसला कुलूप लागले की येते. कंपनी कुठली, यापेक्षा कोड आणि माहिती कुणाच्या ताब्यात, हा प्रश्न त्याच्यासाठी मोठा.

पैसे दिले म्हणजे कोड आपला?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार बाहेरच्या कंपनीकडून सॉफ्टवेअर बनवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याची मालकी सामान्यतः बनवणाऱ्याकडेच राहते. ती आपल्याकडे हवी असेल, तर कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागते. व्हॉट्सॲपवरचे ‘हो, तुमचंच आहे’ त्यासाठी पुरणार नाही.

मग दुकानदाराने काय पाहावे?

सगळ्यांनीच ईआरपीनेक्स्ट बसवावे, असे मुळीच नाही. एका गल्ल्याच्या दुकानाला ती अवजड आहे. फक्त बिल आणि खाते हवे असेल तर साधे बिलिंग सॉफ्टवेअर पुरते. मात्र वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर नोंदले आहे आणि नूतनीकरणाचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, हे आजच तपासण्यासारखे आहे. सर्व्हरचा पासवर्ड मालकाकडे हवा. ग्राहकांची यादी, उधारी आणि साठा महिन्याला एकदा एक्सेलमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावा, आणि ती फाइल वेब कंपनीच्या मदतीशिवाय उघडते का, तेही बघावे. पुढच्या वर्षीच्या देखभालीचा करार करताना कोडच्या हस्तांतराचे कलम त्यात आहे का, हे आपल्या वकिलाला वाचायला सांगावे.