भुलीच्या औषधाची दोन रूपे

उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. दोहोंची बोटे सारखी, मापही सारखे. भेद असतो तो आरशातील प्रतिमेचा. कित्येक रेणूंचीही अशीच दोन रूपे असतात. त्यांचा मागोवा प्रथम १८४८ साली लुई पाश्चर यांना टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक निवडताना लागला.

शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासावाटे देण्यात येणारे आयसोफ्लुरेन हे अशाच द्रव्यांपैकी आहे. दिल्लीत काय किंवा मुंबईत काय, बाटलीत त्याची डावी व उजवी रूपे समसमान मिसळलेली असतात. ईथर, क्लोरोफॉर्म व सेव्होफ्लुरेन यांच्या रेणूंना मात्र असे जुळे भावंड नाही.

ही रूपे सारखीच भूल देतात काय? हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मायर व ओव्हर्टन यांना आढळले की, जे द्रव्य तेलात अधिक विरघळते ते भूलही अधिक देते. त्यावरून भूल हा चेतापेशींच्या स्निग्ध आवरणावरील परिणाम होय, असा समज रूढ झाला. परंतु तेलात दोन्ही रूपे सारखीच विरघळतात. तेव्हा त्यांच्या परिणामात अंतर पडल्यास कारण अन्यत्र शोधावयास हवे. १९९१ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील फ्रँक्स व लीब यांनी तळ्यातील गोगलगाईच्या चेतापेशींवर हे तपासले. एका आयनमार्गावर उजवे रूप डाव्याच्या सुमारे दुप्पट प्रभावी ठरले. निव्वळ स्निग्ध पटलावर दोहोंचा परिणाम समान होता. याचा अर्थ, मोजा ओळखणारा हात प्रथिनांचा असला पाहिजे.

१९९४ मधील प्रयोगात उंदरांना भूल राखण्यास उजवे रूप १.०६ टक्के, तर डावे १.६२ टक्के लागले. १९९७ च्या दुसऱ्या प्रयोगात मात्र हे अंतर पुष्कळच कमी भरले. म्हणून रूपे वेगळी करून महागडे औषध विकावे, ही मागणी आज उतावळेपणाची होईल.

परंतु मौनही योग्य नव्हे. भारतीय औषधकोशाची पहिली आवृत्ती १९५५ साली निघाली. आज ते कार्य दिल्लीच्या वेशीवरील गाझियाबाद येथील आयोगाकडे आहे. भुलीचे प्रत्येक औषध एकरूप आहे की मिश्रण, हे विद्यार्थ्यासही समजेल अशा शब्दांत नोंदले जावे आणि नव्या औषधाची दोन्ही रूपे निरनिराळी पारखली जावीत, असे आमचे मत आहे. बेशुद्ध रुग्णास प्रश्न विचारता येत नाही. ते त्याच्या वतीने इतरांनी आधीच विचारले पाहिजेत.