नऊ हजार दप्तरांचा जाब

१२ मे २००८ रोजी दुपारी चीनच्या सिचुआन प्रांताला भूकंपाचा जबर हादरा बसला. सुमारे ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली. वेळ शाळा भरलेली असण्याची होती. कित्येक गावांत शेजारच्या इमारती उभ्या राहिल्या आणि शाळा तेवढी जमीनदोस्त झाली. ढिगाऱ्यातून डोकावणाऱ्या बारीक सळया पाहून आईबापांनी त्या बांधकामाला ‘टोफूचा चोथा’ म्हटले. सोयाबीनमधून दूध काढून घेतल्यावर मागे उरतो तो हा चोथा. ‘एकच मूल’ या सरकारी सक्तीच्या देशात त्या दुपारी अनेक घरांचे एकुलते एक मूल गेले. पालकांनी मागितली चौकशी. त्यांच्यापुढे ठेवण्यात आले भरपाईचे पैसे आणि पुन्हा तक्रार न करण्याचा करार. किती विद्यार्थी दगावले, हा साधा आकडा जाहीर करायलाही साम्यवादी राजवटीला वर्ष लागले.

त्याच ऑगस्टमध्ये बीजिंगमध्ये ऑलिम्पिकचा झगमगाट झाला. ‘पक्ष्याचे घरटे’ म्हणून गाजलेल्या तेथील क्रीडागाराच्या आराखड्यात स्विस वास्तुतज्ज्ञांना साहाय्य करणारे कलावंत आय वेवे त्या सोहळ्यापासून दूर राहिले आणि वर्षअखेरीस त्यांनी सिचुआनच्या चौकशीचे काम अंगावर घेतले. या कामाला कलेपेक्षा कारकुनीचेच स्वरूप अधिक होते. स्वयंसेवक गावोगाव, घरोघर गेले. मुलाचे नाव काय, जन्मतारीख कोणती, शाळा कोणती, वर्ग कोणता, एवढेच विचारत आणि लिहून घेत. पोलिसांनी त्यांना वारंवार अडविले, ताब्यात घेतले, लिहिलेले कागद काढून घेतले. तरीही पाच हजारांहून अधिक नावांची यादी सिद्ध झाली. आकड्याला सत्ता भीत नाही. तो वाढविता येतो, घटविता येतो, दडपताही येतो. नावाचे तसे नसते. नावामागे एक घर उभे असते.

सत्तेनेही या यादीचे मोल अचूक ओळखले. याच प्रश्नाचा पाठपुरावा करणारे तान झ्वोरेन यांच्यावर खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला आय वेवे ऑगस्ट २००९ मध्ये छंगतू येथे गेले, तेव्हा पोलिसांनी हॉटेलात घुसून त्यांना मारहाण केली. पुढच्याच महिन्यात जर्मनीत त्यांच्या मेंदूतील रक्तस्रावावर शस्त्रक्रिया करावी लागली. तान यांना २०१० मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. म्यूनिकमधील ज्या कलादालनात त्या वेळी आय वेवे यांचे प्रदर्शन होते, त्याच्या दर्शनी भिंतीवर नऊ हजार रंगीत दप्तरे लावून एका मातेचे वाक्य चिनी लिपीत उमटविले होते. आपली लेक सात वर्षे या जगात आनंदाने जगली, असा त्याचा आशय. हे कलादालन नाझी राजवटीने १९३७ साली उघडलेले. एका हुकूमशाहीने बांधलेल्या भिंतीवर दुसऱ्या हुकूमशाहीला जाब विचारला गेला, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

पडलेल्या शाळांच्या वाकड्यातिकड्या सळयाही त्यांनी भंगारातून विकत घेतल्या. कारागिरांनी एकेक सळई हातोड्याने ठोकून सरळ केली. ही सुमारे १५० टनांची रास पुढे व्हेनिस, लंडन येथे मांडली गेली.

हा निर्भयपणा घरातूनच आला असावा. वडील आय चिंग हे नामांकित कवी, स्वतः साम्यवादी. तरीही ‘उजवे’ ठरवून पक्षाने त्यांना शिनजियांगमध्ये धाडले आणि सार्वजनिक संडास साफ करायला लावले. मुलाचे बालपण तेथेच गेले. त्या मुलालाही ३ एप्रिल २०११ रोजी बीजिंगच्या विमानतळावर पकडून ८१ दिवस डांबण्यात आले. नंतर त्यांच्याशी संबंधित कंपनीवर करचुकवेगिरीचा आरोप ठेवून दीड कोटी युआन मागण्यात आले. तेव्हा सुमारे ३० हजार सामान्य चिनी नागरिकांनी पैसे पाठविले. काहींनी तर नोटांची विमाने करून त्यांच्या अंगणात भिरकावली. ती देणगी न मानता कर्ज मानून त्यांनी प्रत्येकाला पावती दिली.

अर्थात या कलावंताचे सारेच काही डोक्यावर घेण्याजोगे नाही. १९९५ मध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हान काळातील घट हातातून सोडून फोडतानाची छायाचित्रे त्यांनी काढून घेतली. माओच्या सांस्कृतिक क्रांतीने जे केले त्याकडे बोट दाखविण्याचा हेतू असेल. पण पूर्वजांचा ठेवा फोडून पूर्वजांचा ठेवा फोडणाऱ्यांचा निषेध कसा होतो, हे समजणे कठीण आहे. त्याहून खटकते ते २०१६ चे छायाचित्र. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या सीरियन बालकाच्या मृतदेहासारखे ते स्वतः लेस्बॉस बेटाच्या किनाऱ्यावर पालथे पडले. एका भारतीय नियतकालिकासाठी घेतलेले हे छायाचित्र दिल्लीच्या कला मेळाव्यातही झळकले. सिचुआनमध्ये मुलांची नावे पुढे होती आणि कलावंत मागे. येथे मूल दिसेनासे झाले, कलावंत तेवढा उरला. टाळ्या वाजविणाऱ्या पाश्चात्त्य जगाचीही एक मर्यादा आहेच. २०२३ मध्ये इस्रायलविषयक एका वक्तव्यावरून लंडनच्या कलादालनाने त्यांचे प्रदर्शन लांबणीवर टाकले.

२०१५ साली पारपत्र परत मिळाल्यावर आय वेवे युरोपात गेले. त्यांची यादी मात्र त्याआधीच त्यांच्या हातून निघून लोकांकडे गेली होती. भूकंपाच्या दुसऱ्या स्मरणदिनानिमित्त, २०१० मध्ये, त्यांनी लोकांना त्यातली नावे आपापल्या आवाजात वाचून पाठविण्याचे आवाहन केले. सुमारे साडेतीन हजार जणांनी ध्वनिमुद्रणे पाठविली. एकेक नाव अनेकांनी वाचले. हजेरी घेताना गुरुजी वाचतात, तसे.